मोटारीचे वळण

नवी मोटार घ्यावयाचे ठरले म्हणजे घरात कोणकोणत्या गोष्टींचा खल होतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. किंमत, रंग, एका लिटरात किती किलोमीटर जाते, डिकीत किती बॅगा मावतात, आणि मनातल्या मनात, शेजाऱ्यांच्या गाडीपेक्षा ती चार बोटे लांब आहे की नाही, येथपर्यंत सर्व प्रश्न निघतात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ही गाडी वळावयास जागा किती घेते? कंपनीच्या माहितीपत्रकात अगदी शेवटच्या पानावर, टायरांच्या मापांशेजारी, बारीक अक्षरांत तो आकडा छापलेला असतो. टर्निंग रेडियस, ५.३ मीटर. वाचणारा वाचतो आणि पान मिटतो. पुढे गाडी घरी येते, पेढे वाटले जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुण्याच्या एखाद्या पेठेतील बोळाच्या तोंडाशी, मागे दोन रिक्षा व एक दुधाचा टेंपो हॉर्न वाजवीत उभे असता, त्या आकड्याचा अर्थ समजू लागतो.

सेडान, म्हणजे जिला मागे डिकीचे स्वतंत्र शेपूट असते अशी मोटार, बाळगणाऱ्या पुष्कळ गृहस्थांची ही तक्रार आम्ही ऐकत आलो आहो. पूर्वीची लहान गाडी जेथे एका दमात फिरत असे, तेथे हिला तीन-तीनदा पुढे-मागे करावे लागते. मग कोणी म्हणतो, स्टिअरिंगमध्येच खोट आहे. कोणी म्हणतो, कंपनीने फसविले. आणि बहुतेक घरांत अखेर निकाल लागतो तो असा की, चालविणारास (आणि चालविणारी असेल तर मग विचारूच नये) गाडीच चालविता येत नाही. आमच्या मते ही तक्रार खरी आहे. परंतु तिचा दोष फार वेळा भलत्याच माणसाच्या माथी मारला जातो. म्हणून मोटार वळते ती कशी, हे एकदा नीट समजून घेणे बरे.

दोन चाकांच्या बैलगाडीस वळणाची चिंता कधीच नव्हती. एक बैल थांबला, दुसरा चालला, की आतले चाक जागच्या जागी फिरते व बाहेरचे त्याच्याभोवती वर्तुळ काढते. चार चाकांच्या घोडागाडीत ही सोय राहिली नाही. तिचा पुढचा आस सगळाच्या सगळा मध्यभागी एका खिळीवर फिरवीत. चाके गाडीच्या पोटाखाली शिरत आणि वेगात वळताना गाडी कलंडावयास वेळ लागत नसे. यावर युक्ती काढली ती म्युनिचच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने. आस स्थिर ठेवावयाचा आणि दोन्ही टोकांची चाके तेवढी आपापल्या खिळीवर वळवावयाची. १८१८ मध्ये लंडनचे पुस्तकप्रकाशक रुडॉल्फ ॲकरमन यांनी त्याच्या वतीने तेथे पेटंट घेतले आणि जगाने त्या रचनेस नाव दिले ते ॲकरमनचे. वास्तविक इंग्लंडचे वैद्य इरॅस्मस डार्विन, उत्क्रांतिवादी चार्ल्स डार्विनचे आजोबा, यांनी १७५९ च्या सुमारास आपल्या बग्गीसाठी असाच विचार केला होता. परंतु पेटंट न घेणाऱ्याचे नाव यंत्रास चिकटत नाही, असा यंत्रांच्या इतिहासाचा शिरस्ताच दिसतो.

या रचनेतील खुबी ही की, वळताना दोन्ही पुढली चाके सारखी वळत नाहीत. गाडी ज्या बिंदूभोवती फिरते, तो बिंदू मागील आसाच्या सरळ रेषेत बाजूला कोठे तरी असतो. त्या एकाच बिंदूभोवती चारही चाकांनी आपापली वर्तुळे काढावयाची, तर आतील चाकास बाहेरील चाकापेक्षा अधिक वळावे लागते. बाहेरील चाक ३० अंश वळले, तर आतील चाक हिशेबाने ४० अंशांच्या आसपास जाते. आणि मागची दोन चाके, ज्यांस वळताच येत नाही ती, नेहमी आतल्या बाजूने कापीत जातात. मोठ्या सेडानमध्ये आतले मागचे चाक आतल्या पुढच्या चाकाहून जवळजवळ एक मीटर आतून जाऊ शकते. वाडे पाडून उठविलेल्या इमारतींच्या तळमजल्यावर, खांबाखांबांतून मोटारी लावण्याची जी जागा असते, तेथे बॉनेट सुखरूप निसटते आणि मागचे दार खांबास घासते, त्याचे कारण हेच होय.

आता थोडे गणित. भिण्याचे कारण नाही. मॅट्रिकच्या त्रिकोणमितीपलीकडे ते जात नाही. पुढील आस आणि मागील आस यांमधील अंतरास व्हीलबेस म्हणतात. या अंतरास बाहेरील पुढच्या चाकाच्या कोनाच्या ज्येने भागले, की वळणाची त्रिज्या मिळते. ज्या म्हणजे ज्याला शाळेत साइन म्हणतात ती. हा शब्द मूळचा आपलाच. आर्यभटाने ४९९ च्या आपल्या ग्रंथात तिची कोष्टके दिली. धनुष्याची दोरी ती ज्या. अरबांनी तो शब्द जीबा असा उचलला, लिहिता-वाचता त्याचे जैब झाले, जैब म्हणजे वस्त्राची घडी, म्हणून लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्याने सायनस लिहिले, आणि तोच साइन होऊन आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत परत आला. असो.

३० अंशांची ज्या बरोबर अर्धी. म्हणजे बाहेरील चाक ३० अंश वळत असेल तर वळणाची त्रिज्या व्हीलबेसच्या अगदी दुप्पट येते. हा ठोकताळा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण आपल्याकडील गाड्या त्याला कशा बिलगून चालतात पाहा. जुन्या मारुती ८०० चा व्हीलबेस २.१७५ मीटर, त्रिज्या ४.४. मारुती डिझायरचा व्हीलबेस २.४५, त्रिज्या ४.८. होंडा सिटीचा व्हीलबेस २.६, त्रिज्या सुमारे ५.३. त्रिज्येची दुप्पट केली म्हणजे रस्त्याची लागणारी रुंदी कळते. मारुती ८०० ला पावणेनऊ मीटरांच्या किंचित वर, तर सिटीला साडेदहा मीटरांहून जास्त. मधली पावणेदोन मीटर रुंदी पेठेतील रस्त्याने आणावी कोठून? आणि रिक्षा? ती तर तीन मीटरांच्या आतील त्रिज्येत वळते, म्हणून तिच्या सारथ्याच्या चेहऱ्यावर सदैव तो तुच्छतेचा भाव.

यावरून वाचकांच्या ध्यानात आले असेल की, डिकीचे शेपूट या हिशेबात कोठेच येत नाही. म्हणून सेडान तेवढी वाईट व आखूड गाडी तेवढी चांगली, हे म्हणणे सरसकट खरे नव्हे. डिझायर आणि तिची बिनशेपटी बहीण स्विफ्ट यांचा व्हीलबेस एकच व वळणही एकच. २००६ पासून सरकारने चार मीटरांच्या आतील लहान इंजिनांच्या मोटारींवर कर कमी ठेवला, तेव्हापासून शेपटे छाटलेल्या सेडानांचे पीक आले. टाटांची इंडिगो सीएस २००८ मध्ये आली, पुढे २०१२ मध्ये डिझायरही आखूड झाली. कर मोजतो तो नाकापासून शेपटापर्यंतची लांबी. वळण मोजते ते आसापासून आसापर्यंतचे अंतर. या दोन मापांची गल्लत करून पुष्कळ लोक फसतात. शेपटाचा जाच खरा होतो तो गाडी मागे घेताना, कारण ते चालविणारास नीट दिसत नाही.

मग कंपन्या व्हीलबेस वाढवितात तरी कशासाठी? उत्तर आपल्याच घरात आहे. मागच्या आसनावर आजोबा बसावयाचे असतात. त्यांच्या गुडघ्यांस पुढच्या आसनाची पाठ लागू नये, आजींस पाय थोडे पसरता यावेत, मध्ये नातवंड बसावे, हे सर्व साधावयाचे तर दोन आसांमधील अंतर वाढविल्यावाचून गत्यंतर नाही. ज्या वीतभर जागेसाठी वडील माणसे गाडीस आशीर्वाद देतात, त्याच वीतभर जागेसाठी बोळाच्या तोंडाशी चालविणारास घाम फुटतो. आमच्या एकत्र कुटुंबांस हा प्रश्न अधिक जाचतो तो याच कारणाने. माणसे अधिक म्हणून गाडी मोठी, आणि घर जुन्या वस्तीतले म्हणून रस्ता अरुंद.

परंतु त्रिज्या केवळ व्हीलबेसवर अवलंबून नाही. भाजक तो कोन आहे. २.६ मीटरांच्या गाडीचे चाक ३० ऐवजी ४० अंश वळेल तर त्रिज्या ५.२ वरून सुमारे ४ मीटरांवर येते. व्हीलबेस तसाच ठेवून इतका लाभ! मग चाके अधिक का वळवीत नाहीत? कारण जागा नाही. आजच्या बहुतेक घरगुती मोटारींत इंजिन पुढे आडवे बसविलेले असते आणि तेच पुढची चाके फिरविते. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही चाकांच्या मधली जागा अडवून बसतात. शिवाय चाकास शक्ती पोहोचविणारा दांडा चाकासह वळत असता फिरतही राहिला पाहिजे. त्याच्या सांध्यास एका मर्यादेपलीकडे वाकता येत नाही. हा आडव्या इंजिनाचा घाट लोकप्रिय केला तो १९५९ च्या मिनी मोटारीने. त्यात प्रवाशांस जागा भरपूर झाली, खर्च वाचला, आणि जगभर तोच रूढ झाला.

त्याच वर्षी, १९५९ मध्ये, इंग्लंडातच ट्रायंफ हेराल्ड नावाची दुसरी गाडी निघाली. तिचे इंजिन उभे आणि शक्ती मागच्या चाकांस, त्यामुळे पुढची चाके मोकळी. आतले चाक तब्बल ४८ अंशांपर्यंत वळे. परिणाम असा की, व्हीलबेस मिनीहून मोठा असूनही हेराल्ड २५ फुटांच्या वर्तुळात फिरे, तर चिमुकल्या मिनीस तीस फुटांहून अधिक जागा लागे. ही हेराल्ड आपल्याकडेही होती. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात ती स्टँडर्ड हेराल्ड या नावाने तयार होत असे, आणि आमच्या वयाच्या वाचकांस ती आठवत असेल. अलीकडचा दाखला पाहिजे असेल तर होंडा कंपनीने २०२० मध्ये युरोपात विकावयास काढलेली होंडा ई ही विजेची गाडी घ्या. तिचे यंत्र मागे, पुढे चाकांस वळावयास ऐसपैस जागा. व्हीलबेस अडीच मीटरांच्या वर असूनही त्रिज्या ४.३ मीटर. त्याच कंपनीच्या सिटीशी ताडून पाहिले, तर आसांमधील अंतरात फरक फार थोडा आणि त्रिज्येत पुरा एक मीटर. ती गाडी २०२४ च्या आरंभीच बंद झाली ही गोष्ट निराळी, पण विद्या आहे हे तिने सिद्ध केले.

आमच्या परिचयाचे एक सात माणसांचे कुटुंब पेठेत राहते. त्यांनी जुनी लहान गाडी काढून एक लांबलचक सेडान घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगण्याचे कारण नाही. घरात गाडी चालविणारी मुख्यतः सूनबाई. त्या बँकेत अधिकारी आहेत. जुनी गाडी त्या मारुतीच्या देवळापुढे एका झटक्यात वळवून बोळात घालीत. नवी काही केल्या वळेना. पंधरा दिवसांत दोन ओरखडे निघाले. सासूबाईंनी "हिला गाडी देऊच नका" असे सुनावले, आणि धाकटे दीर सर्वांदेखत म्हणाले, "वहिनी, तुमच्यापेक्षा कोपऱ्यावरचा रिक्षावाला बरा!" सूनबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढल्या रविवारी त्यांनी दिरांस बरोबर घेऊन शाळेचे रिकामे मैदान गाठले, पुढचे बाहेरील टायर बादलीभर पाण्याने ओले केले, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून गाडी सावकाश अर्धे वर्तुळ फिरविली, आणि जमिनीवर उमटलेल्या ओल्या रेघेची रुंदी फितीने मोजली. पावणेअकरा मीटर भरली. मग देवळापुढची मोकळी जागा मोजली, ती साडेनऊ. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "आता तुम्ही एका दमात वळवून दाखवा." दिरांनी स्टिअरिंगला हात न लावता फीत मागून घेतली आणि दोन्ही मापे पुन्हा स्वतः घेतली. आकडे बदलले नाहीत. त्या दिवसापासून त्या घरात सूनबाईंच्या कौशल्याविषयी कोणी अक्षर काढीत नाही, असे आम्हांस खात्रीपूर्वक कळते.

या मोजमापात एक मेख मात्र ध्यानात ठेवावी. कंपनीने दिलेला आकडा बहुधा चाकाच्या मार्गाचा असतो. चाकापुढे बंपर आणि नाक निघालेले असते, त्याचे माप त्यात धरलेले नसते. रस्त्याच्या कडेला फूटपाथ असेल तर नाक त्याच्यावरून हवेत फिरते व काही बिघडत नाही. पण कडेला भिंत असेल तर? लंडनच्या टॅक्सीवाल्यांस हा भेद चांगला ठाऊक आहे. तेथील काळ्या टॅक्सीचे २५ फुटांचे वळण जगप्रसिद्ध आहे. सॅव्हॉय हॉटेलपुढच्या चिंचोळ्या चौकात टॅक्सीस फिरता यावे म्हणून तो नियम झाला अशी दंतकथाही सांगतात. पण तेथील अधिकाऱ्यांची अट निराळ्या शब्दांत आहे. ८.५३५ मीटर, म्हणजे २८ फूट, अंतरावर दोन उभ्या समांतर भिंती कल्पाव्या, आणि त्यांच्यामध्ये टॅक्सी मागे न घेता उलट दिशेस वळली पाहिजे. चाकाचे माप आणि भिंतीचे माप यांत तीन फुटांचे अंतर पडले ते असे. आपल्या पेठांत फूटपाथ थोडे आणि भिंती फार, तेव्हा छापील आकड्याच्या दुपटीवर आणखी मीटरभर धरून चालणे शहाणपणाचे.

मागची चाकेही थोडी वळवावी, म्हणजे व्हीलबेस आखूड केल्यासारखाच परिणाम होतो. होंडा प्रिल्यूड या गाडीने १९८७ मध्येच चारही चाके वळविण्याची व्यवस्था बाजारात आणली होती. आज पुण्याजवळ चाकण येथील मर्सिडीजच्या कारखान्यात २०२२ पासून जुळविल्या गेलेल्या ईक्यूएस या विजेच्या गाडीस अशी व्यवस्था आहे. सावकाश चालताना तिची मागची चाके पुढच्यांच्या उलट बाजूस वळतात, दहा अंशांपर्यंत. व्हीलबेस ३.२ मीटरांच्या वर, आणि तरी वर्तुळाचा व्यास १०.९ मीटर, म्हणजे आपल्या मध्यम सेडानच्या जवळपासच. किंमत मात्र दीड कोटीच्या वर होती, तेव्हा आमच्यासारख्या निवृत्तिवेतनावर राहणारांनी तिचे वळण दुरूनच पाहावे.

तेव्हा ज्यांस गाडी घ्यावयाची आहे त्यांनी करावे ते इतके. दुकानात व्हीलबेस आणि त्रिज्या हे दोन आकडे प्रथम विचारावे, आणि त्रिज्या व्हीलबेसच्या दुपटीहून किती कमी भरते ते पाहावे. जितकी कमी तितकी चाके अधिक वळतात. महागड्या प्रकारातील रुंद टायर व मोठी चाके शोभिवंत दिसतात, पण ती आतल्या बाजूस घासू नयेत म्हणून काही गाड्यांत त्यांचे वळणेच आखडलेले असते. यास्तव आपण घेणार त्याच प्रकाराचा आकडा मागावा. विक्रेता गाडी दाखवावयास रुंद हमरस्त्यावर नेतो, जेथे ट्रकसुद्धा डौलाने वळतो. ती आपल्या बोळात आणावयास सांगावे, आणि उजवीकडे व डावीकडे दोन्ही बाजूंस वळवून पाहावी, कारण क्वचित दोन्हींकडचे वळण सारखे नसते.

ज्यांनी अगोदरच घेतली आहे, त्यांनी गाडी बोळात नाकाने घालण्यापेक्षा शेपटाने घालण्याची सवय करावी. मागे जाताना वळणारी चाके पाठीमागून येतात, म्हणून शेपूट अरुंद जागेत नेमके नेता येते, आणि सकाळी घाईच्या वेळी बाहेर पडताना समोरचा रस्ता दिसतो. मात्र त्या वेळी नाक बाहेरच्या बाजूस झुकते, आणि शेजाऱ्यांच्या स्कुटरी तेथेच उभ्या असतात. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारींत मागे काही आल्यास टीं-टीं करणारी यंत्रे बसविणे सक्तीचे झाले आहे. ती उपयोगी आहेत, पण उंबऱ्यावरून अकस्मात धावत येणाऱ्या पोराची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये. मागे घेताना घरातील एका माणसाने खाली उतरून उभे राहावे, आणि ते आरशात दिसेल अशा जागी. एकाने म्हणजे एकानेच. गॅलरीतून काका "डावीकडे", ओट्यावरून आत्या "उजवीकडे" आणि खिडकीतून आजोबा "थांब, थांब" असे एकदम ओरडू लागले, तर चालविणाराने गाडी जागच्या जागी उभी करून ते तिघे आपसांत एकमत करीपर्यंत वाट पाहावी.